निरीक्षकाला त्याचे अधिकार वापरायला लावा!

नोंदणीपत्रावर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त माणसं प्रवासी वाहनात बसवली, तर ते वाहन जागेवर थांबवायचं. जादा माणसं खाली उतरवायची. त्यांना पुढे नेण्यासाठी दुसऱ्या वाहनाची सोय होईपर्यंत ते वाहन हलू द्यायचं नाही. दर जादा माणसामागे दोनशे रुपये दंड, तो वेगळा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४ अ मध्ये हे लिहिलेलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झालं.

नामपूरकरांनो, सटाणा रस्त्यावर, मालेगाव रस्त्यावर, ताहाराबादच्या वाटेवर असं घडताना तुम्ही कधी पाहिलं आहे का? चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवलेली अॅपे थांबवली गेली, आतल्या मावशीला, आजोबांना सन्मानाने खाली उतरवलं गेलं, आणि दुसरी गाडी येईपर्यंत अधिकारी तिथे उभा राहिला, असं दृश्य आठवतं का? पावती फाडली गेली आणि गाडी तशीच भरलेली पुढे निघाली, हेच आपल्या ओळखीचं आहे. पावतीने सरकारच्या तिजोरीत दोन पैसे पडले, पण गाडीतला धोका होता तसाच पुढच्या वळणाकडे गेला. कायद्याने तसं सांगितलेलं नाही. कायद्याने गाडी थांबवायला सांगितली आहे.

या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या रस्त्यांवर माणसं मरतात ती कायद्यात अधिकार नाहीत म्हणून मरत नाहीत. अधिकार भरपूर आहेत. ते कागदावर पडून आहेत, आणि ते वापरा असं ठणकावून सांगणारं कुणी नाही. ते सांगण्याचं काम आपलं आहे.

कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत सकाळी मोसम खोऱ्यातल्या कुठल्याही फाट्यावर जाऊन पाहा. पिकअपच्या मागच्या हौद्यात बायका उभ्या असतात. एकीच्या कडेवर मूल, दुसरीच्या हातात डब्याची पिशवी, तिसरीने फाळक्याला धरलेलं. बसायला जागा नाही, धरायला दांडा नाही. गाडीने गचका दिला की सगळ्या एकमेकींच्या अंगावर रेलतात. त्या गाडीच्या नोंदणीपत्रावर ‘मालवाहू’ असं लिहिलेलं असतं. आपलं शेत उभं करणारी माणसं आपण माल म्हणून वाहून नेतो. संध्याकाळी परत फिरताना तर अंधार असतो, चालक दिवसभर थकलेला असतो, आणि पुढे उसाची नाहीतर कांद्याची ट्रॉली चाललेली असते, जिच्या मागे लाल दिवा नसतो आणि परावर्तक पट्टीवर चिखलाचा थर बसलेला असतो.

२८ जानेवारी २०२० ची दुपार या भागातला कुणीही विसरलेला नाही. शेजारच्या देवळा तालुक्यात, मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ, धुळ्याहून कळवणला निघालेली एसटी आणि एक रिक्षा यांची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. २६ माणसं गेली. रात्री उशिरापर्यंत विहिरीतून मृतदेह बाहेर काढले जात होते. आपण हळहळलो, मदत जाहीर झाली, पुढारी येऊन गेले. चूक कुणाची, रिक्षाची की बसची, यावर गावोगाव चर्चा झाल्या. पण रस्त्याला इतकी लागून उघडी विहीर कशी, तिच्याकडेला कठडा का नाही, हा प्रश्न आपण किती दिवस धरून ठेवला? मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आहे. रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी अपंग झालं, तर त्या रस्त्याची जबाबदारी असलेलं प्राधिकरण, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघात झाला की आपण चालकाकडे बोट दाखवतो. कायदा मात्र रस्ता बांधणाऱ्यालाही उभं करायला सांगतो. आपल्या तालुक्यात या कलमाचं नाव कुणी घेतलेलं ऐकलं आहे?

आता मोटार वाहन निरीक्षक कायद्याच्या दृष्टीने कोण आहे, ते नीट समजून घेऊ. आपल्यासाठी तो मालेगावच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातला साहेब. लायसन्स, पासिंग, एमएच ४१ ची नंबरपट्टी, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. कायद्याने त्याला कितीतरी मोठं काम दिलं आहे. कलम २१३ नुसार तो लोकसेवक आहे. कायदा पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी लागेल ती तपासणी आणि चौकशी तो करू शकतो. कुणी गुन्हा केला आहे असं मानायला कारण असेल, तर मदतीला माणसं घेऊन त्या माणसाच्या ताब्यातल्या जागेत तो शिरू शकतो, वाहन ठेवलेल्या जागेची झडती घेऊ शकतो. नोंदवह्या आणि कागदपत्रं मागू शकतो, जप्त करू शकतो, त्यांच्या नकला घेऊ शकतो. माणसांना प्रश्न विचारू शकतो. खटला दाखल करू शकतो. म्हणजे त्याचा अधिकार रस्त्यावरच्या नाक्यापुरता नाही. ज्या वाहतूकदाराच्या अंगणात पासिंग संपलेल्या गाड्या उभ्या असतात, त्या अंगणापर्यंत त्याचा हात पोहोचतो.

त्याच कलमात लगामही घातलेले आहेत, आणि तेही प्रत्येक चालकाला तोंडपाठ असायला हवेत. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकारी राजपत्रित दर्जाचा असावा लागतो, वॉरंट का घेतलं नाही याची कारणं त्याने लिहून ठेवायची असतात आणि झडती घेतल्याचं वरिष्ठाला कळवायचं असतं. गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा असेल, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अशी झडती घेता येत नाही. स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. आणि कलम २१० ब तर प्रत्येक नाक्यावर फलकावर लिहून लावावं असं आहे. कायदा राबवण्याचं काम ज्याच्याकडे आहे त्यानेच या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याला दुप्पट शिक्षा. सामान्य माणसाला जो दंड, त्याच्या दुप्पट साहेबाला. हे २०१९ पासून कायद्यात आहे.

बाकीची कलमंही एकेक करून आपल्या रस्त्यांवर ठेवून पाहू.

कलम ५३. एखादं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, असं मानायला कारण असेल, तर मालकाचं म्हणणं ऐकून त्या वाहनाची नोंदणीच निलंबित करता येते. ब्रेक न लागणारा टेम्पो, चॅसी वाकलेली ट्रॉली, हातोड्याने ठोकून चालवलेली जुनी जीप ही वाहनं आपल्या गावात कुणाकुणाची आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. कलम २०७. नोंदणी नसलेलं, परवाना नसलेलं वाहन ताब्यात घेऊन ठेवता येतं. कलम ८६. परवान्याच्या अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम १९. धोकादायक चालकाचं लायसन्स काढून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं, की अतिवेग, लाल दिवा तोडणं, दारू पिऊन चालवणं, गाडी चालवताना मोबाइलवर बोलणं, मालवाहू गाडीत जादा भार भरणं आणि मालवाहू गाडीतून माणसं नेणं, या गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मालवाहू गाडीतून माणसं नेणं दारू पिऊन गाडी चालवण्याच्या रांगेत बसवलं आहे, हे लक्षात घ्या. सकाळच्या त्या पिकअपकडे आपण या नजरेने कधी पाहिलं नाही.

जादा भाराबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण नामपूर हे बाजारपेठेचं गाव आहे. इथल्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर, पिकअप रांगेने येतात, आणि व्यापाऱ्यांच्या खळ्यांवरून भरलेले ट्रक परराज्यांत जातात. कलम ११४ सांगतं की गाडीत जादा भार आहे असं मानायला कारण असेल, तर अधिकारी चालकाला गाडी वजनकाट्यावर न्यायला लावू शकतो, काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत असला की झालं. वजन जास्त भरलं तर लेखी आदेश देऊन जादा माल तिथेच उतरवायला लावू शकतो. कलम १९४ खाली दंड आहे वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे इथेही आहेच.

खेड्यापाड्यांत नेहमी एक सबब ऐकू येते, की काटा जवळ नाही, मग वजन करायचं कुठे? नामपुरात ही सबब टिकत नाही. इथे भुईकाट्याशिवाय व्यवहारच होत नाही. प्रत्येक भरलेल्या गाडीचं वजन होतं, पावती निघते, रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं, आणि मालाचे पैसे त्यावर ठरतात. म्हणजे कुठली गाडी किती भरून आली, कुठली गाडी किती भरून गेली, याचा लेखी पुरावा रोज आपल्याच गावात तयार होतो. शेतकरी ती पावती भाव आणि वजन पाहण्यासाठी हातात धरतो. नोंदणीपत्रावरच्या वजनाशी ती कुणी ताडून पाहत नाही. निरीक्षकाने एक दिवस काट्याजवळ उभं राहायचं ठरवलं, तर त्याला गाड्यांच्या मागे धावायची गरजच पडणार नाही. आणि भुईकाट्यावरचा हा दिवस ठरवून मागायचा अधिकार आपल्याला आहे.

शेतकरी म्हणतील, ‘आधीच भाव पडलेले, त्यात भाड्याच्या फेऱ्या वाढवायच्या?’ हे म्हणणं मी बाजूला सारत नाही. पण जादा भरलेल्या ट्रॉलीचा ब्रेक लागत नाही आणि चढावर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जातं, हे ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चार क्विंटलचं भाडं वाचवताना घरातला कर्ता पोरगा गमावलेली घरं याच खोऱ्यात आहेत. त्यांच्या दारात जाऊन हिशोब विचारा.

आता अधिकार चुकीच्या पद्धतीने वापरले तर काय होतं, तेही सांगायलाच हवं. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटेपूर्वी, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ जांबरगावच्या टोल नाक्यापाशी, सैलानी बाबाचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनीबस एका ट्रकवर मागून आदळली. १२ माणसं गेली, २३ जखमी झाली. हा ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी महामार्गावर थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोन सहायक मोटार वाहन निरीक्षकांना अटक झाली. त्या मिनीबसमध्ये क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. म्हणजे एकाच रात्री दोन गोष्टी दिसल्या. जी गाडी निघाल्यापासून कुठेतरी थांबवायला हवी होती, ती कुणी थांबवली नाही. आणि जी थांबवली, ती थांबवू नये तिथे थांबवली असा आरोप झाला. परिवहन विभागाच्या फिरत्या वायुवेग पथकाने गाडी कुठे उभी करायची, रात्री पिवळा दिवा आणि शंकू लावायचे की नाही, अधिकारी गणवेशात आहे की नाही, हे बारीक मुद्दे नाहीत. माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

त्याच्या एक वर्ष आधी, ८ ऑक्टोबर २०२२ ला, यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकच्या नांदूर नाक्यावर ट्रकला धडकली आणि पेटली. १२ प्रवासी जळून गेले. झोपेत असलेली माणसं. मग २०२३ च्या १ जुलैला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली, २५ गेले. प्रत्येक वेळी तपासण्यांची मोहीम निघते, आठ दिवस गाड्या अडवल्या जातात, मग सगळं थंडावतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली पंधरा हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातली. आठ दिवसांच्या मोहिमांनी हा आकडा खाली येत नाही.

बागलाणच्या माणसाला सरकारी अधिकाऱ्याबद्दल बोलताना एक गोष्ट सांगायची गरज पडत नाही. सटाण्यात देवमामलेदारांचं मंदिर आहे. यशवंतराव महादेव भोसेकर. इंग्रज सरकारचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक अन्नाविना तडफडत असताना त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी खुला केला. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते, रथ निघतो, आपण सहकुटुंब जातो, नारळ फोडतो. जगाच्या पाठीवर किती ठिकाणी लोकांनी महसूल खात्याच्या अधिकाऱ्याला देव मानलं असेल? आपण मानलं, कारण त्याने हातातला अधिकार लोकांचा जीव वाचवायला वापरला. मग आजच्या अधिकाऱ्याकडून आपण इतकी कमी अपेक्षा का करतो? त्याला तर खजिना उघडायचा नाही, नोकरी पणाला लावायची नाही. कायद्याने जे कर म्हणून सांगितलं आहे, तेवढंच करायचं आहे.

निरीक्षकाची बाजूही मांडली पाहिजे. मालेगावच्या कार्यालयाकडे कित्येक तालुक्यांची हद्द आहे, माणसं थोडी, आणि परिवहन विभाग हा राज्याच्या तिजोरीत भर घालणारा मोठा विभाग असल्यामुळे दरवर्षी महसुलाचं उद्दिष्ट डोक्यावर. जिथे किती रुपये जमा झाले हे आधी मोजलं जातं, तिथे किती जीव वाचले हे मोजायचं राहून जातं. रेल्वेत हा घोळ फार पूर्वी ओळखला गेला. रेल्वेची तपासणी करणारे अधिकारी रेल्वे मंडळाच्याच हाताखाली असू नयेत, म्हणून १९४१ मध्ये त्यांना वेगळं काढलं. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करायचा तर आधी त्यांनी पाहून पसंत करावा लागतो. मोठा अपघात झाला की चौकशी त्यांच्याकडे जाते. रस्त्याच्या सुरक्षेलाही असा स्वतंत्र, फक्त जीव मोजणारा अधिकारी हवा, ही मागणी महाराष्ट्राने लावून धरायला हवी. ती पुरी होईपर्यंत मात्र आहे त्या निरीक्षकाला आहे त्या कायद्याने काम करायला लावणं आपल्या हातात आहे.

आणि आपण स्वतः? आपलाच पिकअप असतो, आपलाच मजूर असतो, आपलाच सोळा वर्षांचा मुलगा बुलेट घेऊन शाळेपुढून जातो आणि आपण कौतुकाने पाहतो. कलम १९९ अ वाचा. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. निरीक्षकाने गाडी अडवली की आपण आधी खिशातला मोबाइल काढतो आणि ओळखीच्या पुढाऱ्याला लावतो. ‘साहेब, आपलीच माणसं आहेत, सोडून द्या.’ त्या एका फोनने कायद्याची पाच कलमं पुसली जातात. गाडी न दाखवता पासिंग करून देणारा कुणी भेटला की आपल्याला आनंद होतो. त्याच गाडीचा ब्रेक उद्या आपल्याच दारात निकामी होतो.

शेतमालकांनी एक गोष्ट तर मनावर कोरून ठेवावी. मालवाहू गाडीतून नेलेल्या मजुराचा अपघातात जीव गेला, तर विमा कंपनी बहुतेक वेळा हात वर करते, आणि कायदा तिच्या बाजूला उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात निकाल दिला, की मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. मग भरपाई गाडीमालकाच्या खिशातून, त्याच्या जमिनीतून वसूल होते. आणि मजुराचं घर? त्याच्या हाताला कित्येक वर्षं काहीच लागत नाही.

मजूर आणायचे कसे, हा प्रश्न खरा आहे. एसटीच्या फेऱ्या कमी झाल्या, २०२१-२२ च्या संपानंतर कित्येक खेड्यांत गाडी पूर्वीसारखी येत नाही. म्हणून सटाणा आगाराकडे हंगामापुरत्या पहाटेच्या फेऱ्या मागितल्या पाहिजेत. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून प्रवासी परवान्याची गाडी ठरवली तर माणशी भाडं फार वाढत नाही. गावाने मनावर घेतलं की विहिरी खोदल्या जातात, पाट दुरुस्त होतात, सप्ताह उभे राहतात. बायांना बसवून नेण्याची सोय करता येत नाही, हे मी मान्य करणार नाही.

शाळेच्या गाड्यांचं तर आणखी सोपं आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या शाळा बस नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती ठेवली आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालक तिच्यात सदस्य, पोलीस आणि परिवहन विभागाचा अधिकारीही तिच्यात असतो. आपल्या मुलांच्या शाळेत ती समिती शेवटची कधी बसली, इतिवृत्त कुठे आहे, गाडीत मदतनीस आहे का, पासिंग कधी संपतं, हे विचारायला सभा घ्यायची गरज नाही. उद्या मुलाला शाळेत सोडायला जाल तेव्हाच विचारा.

अपघात झालाच, तर घाबरून गप्प बसू नका. गाडीची तपासणी करण्याचा अधिकार कलम १३६ ने निरीक्षकाला दिला आहे. ब्रेक चालत होते का, स्टेअरिंग कसं होतं, हे त्याने लिहायचं असतं, आणि भरपाईच्या दाव्यात त्या कागदाला मोल असतं. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. तो मागा. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्यावर कुणी गुन्हा लादू शकत नाही. आणि मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळायला हवेत. दवाखान्याच्या दारात पैशांची वाट पाहत कुणाचा प्राण जाऊ देऊ नका.

मग उठा. एक जण म्हणेल, मी एकटा काय करणार? एकट्याने अर्ज लिहायचा, आणि दहा जणांनी त्यावर सह्या करायच्या. ग्रामसभेत ठराव मांडा, की मालेगावच्या उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याने कांद्याच्या हंगामात नामपूरच्या बाजार आवारात, भुईकाट्याजवळ, ठरलेल्या दिवशी तपासणी करावी, आणि आधी आठ दिवस दवंडी देऊन लोकांना परावर्तक पट्ट्या लावायला, दिवे दुरुस्त करायला वेळ द्यावा. बाजार समितीनेही तसाच ठराव करावा आणि दिवा, पट्टी नसलेल्या ट्रॉलीला गेटवरच पट्टी चिकटवून द्यावी. तो खर्च तिला पेलणार नाही असं नाही. गेल्या वर्षभरात बागलाण तालुक्यात कलम १९४ अ खाली किती गाड्यांमधून जादा माणसं उतरवली, कलम ५३ खाली किती नोंदण्या निलंबित झाल्या, मालवाहू गाडीतून माणसं नेल्याबद्दल किती लायसन्स गेली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर यावं लागतं. ज्या वळणावर तीन वर्षांत पाच जीवघेणे किंवा गंभीर अपघात झाले, ते ठिकाण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी कळवा, गावाच्या नकाशावर खूण करून कळवा, आणि रस्त्याकडेच्या उघड्या विहिरींची यादी त्यालाच जोडा. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या सोमवारी तहसीलमधल्या लोकशाही दिनात उभे राहा, तिथे निभावलं नाही तर पहिल्या सोमवारी नाशिकला जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

तरुण मित्रांनो, गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी तुम्ही घरोघर जाता. यंदा सोबत कलम १९४ अ छापलेला एक कागद द्या. महिला बचत गटांनी पिकअपमध्ये उभं राहून जायचं नाही असं एकदा ठरवलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीमालक स्वतः बाकडी असलेली गाडी घेऊन येईल, हे लिहून घ्या. आणि निरीक्षकाने कायद्याप्रमाणे गाडी थांबवली तर पुढाऱ्याला फोन लावू नका, त्याच्या बाजूने उभे राहा. त्याने कायदा सोडून गाडी थांबवली तर त्याचा गणवेश, नाव, वेळ लिहून घ्या आणि कलम २१० ब त्याला वाचून दाखवा.

येत्या १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला, २६ जानेवारीला, १ मेला ग्रामसभा भरेल. त्यातली जी आधी येईल तिच्यात हा ठराव गेलाच पाहिजे. अर्ज दोन प्रतींत करा, मालेगावच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या, आणि शिक्क्यासह पोच हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.